सारस वाजतो

माझं आणि पुण्यातल्या एका प्रकाशनाचं वाजलं, ते 'वाजणे' याच क्रियापदावरून. आज सांगताना हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. त्या दिवसांत मी शाळेत मुलांवर विनाकारण खेकसायची, भाजीत मीठ दोनदा घालायची आणि गोंदियाच्या बाजारातून स्कूटर चालवताना मनातल्या मनात एका बाईंशी भांडायची. त्या बाईंना मी कधी पाहिलेलंही नव्हतं. त्या माझ्या पुस्तकाच्या संपादक होत्या, आणि माझ्या पुस्तकातला सारस वाजू शकत नाही असं त्यांचं म्हणणं होतं.

मी म्हणत होते, वाजतो.

माझे बाबा ढोलकी वाजवायचे. नागऱ्याच्या देवळावरून पुढे गेलं की एक रस्ता नदीकडे उतरतो, त्या बाजूला आमचं गाव. बांध घालून पाडलेल्या धानाच्या बांध्या, त्यांच्या मधोमध बोडी म्हणजे लहानसा तलाव, आणि तलावाच्या काठाने उंच गवत. बाबा पावसाळ्यात शेतकरी आणि दिवाळीनंतर कलावंत. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, आणि मंडई म्हटली की दंडार आलीच. गाणं, नाच, सोंगं, आणि या सगळ्यांना रेटत नेणारी एक ढोलकी. दंडार कोणत्या गावची आहे हे लोक नंतर विचारायचे, आधी विचारायचे की ढोलकीवर कोण बसलंय. बाबा असले तर माणसं मंडईतली खरेदी अर्धवट टाकून यायची. हे मी मुलगी म्हणून फुगवून सांगत नाही. मी स्वतः गर्दीत चेंगरून रडलेली आहे.

आमच्या घरात कुत्रा भुंकायचा, गाय हंबरायची, कावळा ओरडायचा आणि सारस वाजायचा. त्याच्यासाठी दुसरं क्रियापद मी घरात कधी ऐकलंच नाही. रोवणीच्या दिवसांत सकाळी पऱ्हे म्हणजे धानाची रोपं उपटताना बोडीकडून आवाज आला की बाबा कंबर सरळ करायचे आणि चिखलाचा हात वर करून सगळ्यांना गप्प बसवायचे.

"थांबा जरा, वाजून रायले."

बाया वाकलेल्या तशाच थांबायच्या. कोणी कुरकुर करायची, की पाखराच्या नादात आजची बांधी व्हायची नाही. बाबा ऐकायचे नाहीत. बोडीच्या काठावर दोन उंच पक्षी, लाल डोक्यांचे, माना आभाळाकडे करून उभे असायचे. नर एक लांब सूर द्यायचा. तो सूर संपायच्या आत मादी दोन आखूड सूर घालायची. परत एक, परत दोन. मधे फट म्हणून नसायची, नवख्याला वाटावं एकच पक्षी आहे. बाबांनी आपला हात यातूनच बसवला होता. डाव्या हाताने कातड्याच्या जाड पुडीवर एक, उजव्या हाताने बारीक पुडीवर दोन, आणि दोन्ही एका श्वासात. बाकी ढोलकीवाल्यांचे हात कोणा ना कोणा उस्तादाकडून आलेले होते. बाबांचा हात बोडीवरून आला होता, आणि हे ते कोणालाही छाती काढून सांगायचे.

मला मांडीवर बसवून माझ्या दोन्ही हातांनी ते हा बोल वाजवून घ्यायचे. मुलीला ढोलकी शिकवतो म्हणून भावकीतल्या लोकांनी नाकं मुरडली. बाबांनी त्यांना विचारलं, की बोडीवर दोन सूर कोण देते, नर की मादी? ढोलकीवाली मी झाले नाही, हातात तेवढा दम नव्हता, पण तो एक आणि दोनचा बोल अजून माझ्या बोटांत आहे. वर्गात मुलं पाढे म्हणत असतात आणि माझी बोटं टेबलावर तेच करत असतात.

शिकत असताना मला पुस्तकांचं वेड लागलं. गोंदियाच्या वाचनालयात तासन्‌तास बसायची. एका कपाटात संगीताची आणि गायक-वादकांची पुस्तकं होती, समोरच्या भिंतीला पक्ष्यांची आणि झाडांची. मी दोन्ही कपाटं जवळजवळ रिकामी केली. संगीताच्या पुस्तकांत घराणी होती, दरबार होते, गुरूच्या घरी पाणी भरणारे शिष्य होते. ज्या शिवणीच्या खोडातून वाद्य कोरलं ते झाड मात्र एकाही पुस्तकात नव्हतं. पक्ष्यांच्या पुस्तकांत सारसाची उंची होती, पंखांची लांबी होती, जोडीच्या निष्ठेच्या गोष्टी होत्या. ज्यांच्या बांधीत तो अंडी घालतो ती माणसं कुठेच नव्हती, आणि असलीच तर 'स्थानिक लोक' या दोन शब्दांत उरकलेली. संगीताच्या पुस्तकात पाखरू नाही, पाखरांच्या पुस्तकात संगीत नाही, आणि आम्ही दोन्हीकडे नाही. मला मनापासून राग यायचा. तो राग घेऊनच मी ठरवलं, की हे पुस्तक मीच लिहीन.

ठरवलं लवकर, लिहिलं फार उशिरा. मधे नोकरी, लग्न, लेकरं. बाबांनी ऐंशी ओलांडली, त्यांचा उजवा हात कापायला लागला आणि ढोलकी खुंटीवर गेली, तेव्हा मला जाग आली. मग मी दर रविवारी वही घेऊन गावी जायला लागले. बाबा घरापुढच्या छपरीत खाटेवर बसून बोलायचे आणि मी खाली बसून लिहायची. बोलणं सरळ रेषेत कधीच चालायचं नाही. पुडी कशी चढवायची ते सांगता सांगता हवा दमट झाली की पुडी कशी उतरते याकडे जायचं. तिथून, उतरलेल्या पुडीवरून पाऊस कधी येणार ते कसं ओळखायचं याकडे. तिथून बेडकांकडे, बेडकांवरून सारसाकडे, आणि सारसावरून परत ढोलकीकडे. मी सुरुवातीला याची वेगवेगळी प्रकरणं पाडायला बघितली. संगीत एकीकडे, बाबांचं आयुष्य एकीकडे, निसर्ग एकीकडे. पाडता येईनात. शेवटी तो नाद सोडला आणि बाबा जसे बोलले तसंच पुस्तक होऊ दिलं.

माझ्या शाळेच्या वहीतली एक जुनी खपली मात्र इथे सांगायलाच हवी. मी पाचवीत असताना 'माझा आवडता पक्षी' असा निबंध आला होता. मी सारसावर लिहिला. घरी सगळे 'वाजते' म्हणायचे. गुरुजींनी शिकवलं होतं की पुस्तकात 'तो वाजतो' असं लिहायचं, म्हणून मी मोठ्या हुशारीने 'सारस वाजतो' असं लिहिलं. मला वाटलं, 'ते'चं 'तो' केलं की सगळं शुद्ध झालं. गुरुजींनी तांबड्या शाईने तो शब्द खोडला, वर 'ओरडतो' लिहिलं आणि वही वर धरून सगळ्या वर्गाला विचारलं, की सारस वाजतो तर त्याला वाजवतं कोण? वर्ग खिदळला. मी घरी येऊन बाबांना ऐकवलं की वाजतो म्हणणं चूक आहे, ओरडतो म्हणायचं. बाबा ढोलकीच्या दोऱ्या ओढत होते. ते एवढंच म्हणाले, "शाळेत म्हन."

त्या वेळी मला ते उत्तर म्हणजे माघार वाटली. पुढे मी स्वतः मास्तरीण झाले, तांबडा पेन माझ्याच हातात आला आणि माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या वहीत मी तोच शब्द तसाच खोडला. हे मला लिहायला आवडत नाही. पण दुसऱ्यांवर रागावायचं तर आपला हिशेब आधी मांडलेला बरा. मी खोडला, आणि त्या मुलीने मान खाली घालून 'ओरडतो' असं पाच वेळा लिहून आणलं.

पुस्तक पूर्ण झालं तेव्हा एका ओळखीच्या प्राध्यापकांनी ते पुण्याला पाठवायला सांगितलं. मी पाठवलं, आणि दोन महिन्यांनी होकार आला. गावात बातमी पसरली. बाबांना जो भेटेल तो पुस्तक कधी निघणार ते विचारायचा आणि बाबा मला विचारायचे. दर रविवारी मी फाटकातून आत शिरायच्या आधी त्यांचा प्रश्न बाहेर यायचा, की आलं का? त्यांना ते हातात धरायचं होतं. त्यांचं वय आणि तब्येत बघता घाई त्यांना होती तशी मलाही होती.

प्रकाशनाकडून एक छापील कागद आला. त्यात पुस्तकाचा विभाग विचारला होता आणि तीन चौकोन दिले होते. संगीत, व्यक्तिचित्रण, निसर्ग. कोणत्याही एकावर खूण करा. मी तिन्हींवर केली. संपादकबाईंचा पहिला फोन त्यावरूनच आला. बोलायला त्या फार गोड. त्यांनी समजावलं की दुकानात पुस्तक एकाच फळीवर ठेवता येतं. मी म्हटलं, मग तीन प्रती ठेवा. त्या हसल्या, आणि तो विषय तिथे राहिला.

दुसऱ्या फोनला मात्र त्या शब्दावर आल्या. त्यांनी सगळं हस्तलिखित वाचून जागोजागी खुणा केल्या होत्या. बऱ्याच खुणा रास्त होत्या, मी मुकाट्याने मान्य केल्या. पण सारस जिथे जिथे वाजत होता तिथे तिथे त्यांनी 'ओरडतो' केलं होतं. एका ठिकाणी 'साद घालतो', आणि नदीकाठच्या प्रकरणात 'कूजन करतो'. कूजन वाचून मला आधी हसू आलं आणि मग संताप. सारसाचा आवाज अर्ध्या कोसावरून ऐकू येतो, त्याने म्हशी कान टवकारतात. कूजन कसलं डोंबलाचं.

पण त्याच आठवड्यात बाबांना छातीत कफ होऊन गोंदियाच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. दवाखान्यातल्या खाटेवरून त्यांनी पुन्हा तेच विचारलं, की आलं का? मी बाहेर व्हरांड्यात आले आणि संपादकबाईंना फोन करून सांगितलं, की तुम्हाला योग्य वाटेल ते करा, फक्त लवकर काढा. फोन ठेवला तेव्हा मला मोकळं वाटलं. त्या मोकळं वाटण्याची मला आजही लाज वाटते.

बाबा बरे होऊन घरी आले. काही दिवसांनी मुद्रितं आली, म्हणजे छापायच्या आधी तपासायला पाठवतात ती पानं. मी ती घेऊन रविवारी गावी गेले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असलं तरी बारीक अक्षर त्यांना लागत नव्हतं, म्हणून मी वाचायचं आणि त्यांनी ऐकायचं असं ठरलं. सकाळची वेळ होती, छपरीत ऊन आलं होतं. पहिलं प्रकरण शिवणीच्या खोडाचं, ते त्यांना आवडलं. दुसऱ्यात आजोबांचं नाव कसं राहिलं म्हणून कुरकुरले. मी सांगितलं की पुस्तकात कोणाचंच नाव नाही, तुमचंही नाही. त्यावर ते म्हणाले की मग ठीक आहे, बुढ्याला एकट्याला राग यायचा नाही. तिसरं प्रकरण बोडीचं. मी वाचलं, "रोवणीच्या सकाळी सारसांची जोडी ओरडू लागली की बाबा हात वर करून सगळ्यांना थांबवत."

बाबांनी हात वर केला. मी थांबले.

"कोन ओरडून रायला?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, सारस. त्यांनी ते वाक्य परत वाचायला लावलं. मी वाचलं. मग पुढचं वाचायला लावलं, ज्यात ढोलकीचा हात त्या आवाजावरून बसवल्याची हकिकत होती. तेही वाचलं. मीच सफाई द्यायला लागले की पुण्याच्या लोकांनी बदललं, छापील पुस्तकात असं चालत नाही, आणि शेवटी शब्दाने काय होतं.

"ओरडा आयकून कोनी ढोलकी शिकते का वं?" ते म्हणाले. "मंग मी काय बोडीवर कल्ला आयकाले जात होतो?"

मी म्हटलं, तुम्हीच तर मला पाचवीत सांगितलं होतं, शाळेत म्हण म्हणून.

"शाळेत म्हन म्हटलं होतं. माह्या पुस्तकात म्हन नाही म्हटलं." आणि आवाज न चढवता, "हे पुस्तक माहं नोहे. दुसऱ्या कोनाच्या बापाचं होय. त्याले नेऊन दे."

ते उठून आत गेले. मी पानं गोळा करत छपरीत बसून राहिले. इतकी वर्षं मला वाटत होतं की पाचवीत त्यांनी गुरुजींपुढे माघार घेतली. त्यांनी माघार नव्हती घेतली. शाळा गुरुजींची होती, तिथे गुरुजींचा शब्द चालू दिला, बस्स. घर आपलं होतं आणि घरात त्यांनी तो शब्द एक दिवसही बदलला नव्हता. बदलला होता तो मी, आणि आता त्यांच्याच पुस्तकात.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी पुण्याला फोन लावला. शाळेच्या मागे आवळ्याचं झाड आहे, त्याखाली उभी राहून मी संपादकबाईंना सांगितलं की माझा होकार मी परत घेते, सारस वाजला पाहिजे. त्यांनी शांतपणे समजावलं. पुस्तक महाराष्ट्रभर जाणार, वाचक अडखळेल, समीक्षक नावं ठेवतील. शिवाय व्याकरणाने वस्तू वाजते, वाद्य वाजतं, सजीव प्राणी वाजत नाही.

मी विचारलं, "बाई, पुण्यात डिसेंबरात काय वाजतं?"

त्यांना कळलं नाही. मी म्हटलं, "थंडी वाजते ना? तिला कोण वाजवतं? ना तिला पुडी, ना तार. तुमची थंडी वाजते तेव्हा कोणी अडखळत नाही. मग माझा सारस काऊन नाही वाजणार?"

त्या मनापासून हसल्या. मुद्दा बरोबर आहे म्हणाल्या. मला वाटलं, जिंकले. पण त्यांच्याकडे तोडगा तयार होता. बाबांच्या तोंडी जिथे संवाद आहेत तिथे 'वाजते' ठेवू, तेवढीच बोलीची चव येते. निवेदनात मात्र प्रमाण शब्द. आणि निवेदनात अगदीच हवा असेल तर अवतरणचिन्हात घालू.

हे ऐकून माझं डोकं जे फिरलं ते फिरलं. चव म्हणे. आमचा शब्द ताटातल्या लोणच्यासारखा कडेला, बोटभर, आणि भात त्यांचा. मी त्यांना सांगितलं की निवेदन मी लिहिलंय आणि मी त्याच माणसाची मुलगी आहे. बाप वाजतो म्हणणार आणि मुलगी ओरडतो म्हणणार, असं घर आमचं नाही. आणि अवतरणचिन्हं कशाला? दोन्हीकडून पकडून उभं करायला तो शब्द काही चोर नाही. त्या म्हणाल्या, विचार करा, घाई नाही. मी म्हटलं, घाई मलाच आहे, पण विचार करून झालाय. बोलणं अगदी सभ्यपणे संपलं. पंधरा दिवसांनी हस्तलिखित परत आलं, सोबत शुभेच्छांचं पत्र. त्या बाई वाईट नव्हत्या. माझ्या पाचवीतल्या गुरुजींसारख्याच, आणि मी जशी होते तशाच.

बाबांना मी सांगितलं की पुण्याचं मोडलं. ते म्हणाले, "मोडू दे. आपल्या गोंदियात का कागद भेटत नाही?"

कागद होता. बाजाराच्या एका गल्लीत लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका छापणारा एक छापखाना आहे. आमच्या शाळेचं काम त्याच्याकडेच असतं. मालक तिसऱ्या पिढीतला गोंदियाचा, मराठी पूर्ण समजणारा आणि हिंदीतच बोलणारा, जसे आमच्या शहरात निम्मे लोक असतात. पुस्तक त्याने आयुष्यात छापलं नव्हतं. त्याने पहिली चार पानं वाचली आणि मान खाजवली.

"मॅडमजी, ये वाजतो मतलब बजता है ना? पंछी कैसे बजेगा?"

माझ्या कपाळावर आठ्या आल्या असणार, कारण त्याने लगेच हात जोडले. मी काउंटरच्या काचेवर बोटांनी वाजवून दाखवलं. डाव्याने एक, उजव्याने दोन, एक, दोन. तो ऐकत राहिला. मग म्हणाला की हे त्याने ऐकलंय, लहानपणी आजोबांबरोबर नदीकडे गेला होता तेव्हा. ये वाला पंछी तो सच में बजता है. झालं. पुण्याला जे समजावायला मला दोन फोन पुरले नाहीत ते गोंदियाच्या गल्लीत एका काचेवर झालं.

टाईप करणारा त्याचा माणूस मात्र पक्का छत्तीसगढी, मराठी जेमतेम कळणारा. त्याने अक्षराला अक्षर जुळवून काम केलं. मी तीन वेळा मुद्रितं तपासली, शाळा सुटल्यावर छापखान्यात बसून, पंख्याच्या घरघरीत. जिथे जिथे शब्द येत होता तिथे तिथे बोट ठेवून पाहिलं. सगळीकडे वाजतो, वाजली, वाजू लागले. कुठे अवतरणचिन्ह नाही, खाली टीप नाही. मुखपृष्ठावर खुंटीवरची ढोलकी.

मंडईच्या आदल्या दिवशी दुपारी प्रतींचे गठ्ठे आले. मी छपरीत गठ्ठा सोडला, वरची प्रत काढली आणि सवयीने शेवटचं पान उघडलं. तिथे बाबांच्या गोष्टीचा शेवट होता. बोडीवर पूर्वी दोन-तीन जोड्या असायच्या, आता एकच उरली आहे, तीही दर वर्षी येईलच असं नाही. विजेच्या तारा, फवारणी, कोणी उचललेली अंडी, हे सगळं आधीच्या पानांत सांगून झालं होतं. शेवटचं वाक्य मी असं लिहिलं होतं: 'आमच्या बोडीवर सारस अजून वाजतो.'

छापलं होतं: 'आमच्या बोडीवर सारस अजून वाचतो.'

छापखान्यात फोन केला. शेवटचं पान मशीनवर जायच्या आधी खराब झालं होतं, म्हणून टाईप करणाऱ्याने परत टाईप केलं होतं. मॅडम टीचर आहेत, म्हणजे तिथे वाचतोच असणार, असं वाटून त्याने माझी चूक सुधारली होती. मी फोन ठेवला आणि रडले. सरळ सांगते, हमसून रडले. गुरुजींनी खोडलं, मी खोडलं, पुण्याने खोडलं, आणि सगळ्यांशी भांडून आणलेला शब्द शेवटच्या ओळीत एका भल्या माणसाने माझ्यावरच्या आदरापोटी खोडला.

मग डोळे पुसले, पर्समधून तांबडा पेन काढला आणि एकेका प्रतीत 'च' खोडून वर 'ज' लिहायला बसले. दहा-बारा झाल्या असतील. बाबा आतून आले आणि खाटेवर बसले. मी काय करते आहे ते त्यांनी विचारलं. तांबडी शाई त्यांना दिसत होती, अक्षर दिसत नव्हतं.

मी सांगितलं. आधी काय होतं, आता काय झालंय, एका अक्षराने. ते गालातल्या गालात हसायला लागले.

"सारस वाचते? पुस्तक वाचते का तो?"

मी चिडून म्हटलं की लोक उद्या हेच म्हणून हसतील. त्यांनी माझ्याकडून एक प्रत मागितली, न खोडलेली. ती मांडीवर घेतली, कापऱ्या हाताने शेवटचं पान चाचपलं आणि मला बोट ठेवायला सांगितलं, नेमकं कुठे आहे ते. मी त्यांचं बोट त्या अक्षरावर ठेवलं. मग त्यांनी बोडीकडे पाहिलं. बोडीवर त्या वेळी काही नव्हतं, नुसतं गवत हलत होतं.

"राहू दे," ते म्हणाले. "बाकी साऱ्या जागी वाजू दे. इथं वाचू दे. वाचला, तर वाजन."

मी पेनाला टोपण लावलं. दुसऱ्या दिवशी मंडईत दंडारीच्या शेजारी सतरंजी टाकून आम्ही पुस्तकं मांडली. हातात पुस्तक घेऊन बाबा खुर्चीवर बसले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला शेवटचं पान स्वतः उघडून दाखवत होते. एका शिकलेल्या पाहुण्याने वाकून पाहिलं आणि मला हळूच सांगितलं, की मॅडम, शेवटच्या ओळीत छपाईची चूक राहिली आहे.

मी म्हटलं, नाही.